चवीपुरतं

कॉडला मीठ लावताना विचार करायचा नसतो.
मूठ भरायची, मानेकडून शेपटीकडे सोडत न्यायची,
पुढचा मासा.
एकवीस वर्षं हाच हात.
दूर पोर्तुगालात, कुणाच्या तरी चुलीवर
माझी मूठ शिजते.

सकाळ-संध्याकाळ मी जे गिळते
तेही मीठच, असं डॉक्टर हाफ्दिस म्हणाली.
लिथियम. दगडातून काढतात.
कमी पडलं तर मी उडते,
जास्त झालं तर पाय लटपटतात,
मधली वाट चिंचोळी,
दर तीन महिन्यांनी रक्त देऊन मोजायची.
"म्हणजे चवीपुरतं," मी म्हणाले.
ती हसली नाही. लिहून घेत होती.

त्याआधी सहा वर्षं मी मिठाची गुळणी धरून होते.
रजेच्या कागदावर पाठदुखी लिहायची,
कुणी विचारलं तर कंबर धरायची.
एकदा डावीकडून धरली, एकदा उजवीकडून.
बोझेनानं ते पाहिलं
आणि हातमोजे घालत राहिली.

मग तो जून.
इथं जूनमध्ये रात्र होत नाही,
सूर्य डोंगराला टेकतो न टेकतो तोच परत निघतो.
माझंही तसंच झालं.
नऊ दिवस जागी.
कारखान्यासाठी चाळीस जोड रबरी बूट मागवले,
सगळे पिवळे, सगळे माझ्याच मापाचे.
धक्क्यावर उभी राहून जाहीर केलं
की बंदर मी विकत घेतलंय,
आता बोटींची नावं बदलणार.
फोरमन स्टेइनारनं गाडी काढली.
इस्पितळ चार तासांवर.
वाटेत मी त्याचा पगार दुप्पट केला.

परतले तेव्हा ऑक्टोबर.
स्टेइनारला असली बोलणी जमत नाहीत.
त्यानं पट्टी घेऊन कागदावर रेघा मारल्या, मग लिहिलं:
रात्रपाळी नाही.
पाण्याची बाटली जवळ ठेवलेली चालेल.
रक्त द्यायचा दिवस भरपगारी.
पेन थांबलं.
"अजून काय? मला कळत नाही यातलं. तू सांग."
मलाही कळत नव्हतं.
बाहेर एक समुद्रपक्षी रिकाम्या खोक्याशी भांडत होता,
आम्ही दोघं तेच बघत बसलो.
शेवटी म्हणाले, "सुरीवर नको. हात थरथरतो."
त्यानं तेही लिहिलं, खाली रेघ मारली.

बोझेनाशी करार तोंडी.
मी भरभर बोलू लागले,
कुणाचं वाक्य पुरं होऊ देईना,
तर तिनं माझ्यासमोर एक पिवळा बूट ठेवायचा.
पहिल्यांदा ठेवला तेव्हा कडाकडा भांडले.
भावाला मुलगी झाली होती,
माणसानं खूशही व्हायचं नाही का?
ती तिच्या अडखळत्या आइसलँडिकमध्ये म्हणाली,
"हो. खूश हो. झोप पण."
दुसऱ्यांदा मी बूट उचलला,
घरी जाऊन खिडकीला काळं कापड ठोकलं,
हाफ्दिसला फोन लावला.

सगळेच काही बोझेना नसतात.
जेवणाच्या टेबलावर आस्ब्योर्न अजून विचारतो,
"बंदर कितीला देतेस?"
कधी मी भाव सांगते.
कधी उठून जाते.
माणसांना इथं मीठ चोळायची सवयच आहे,
कुठे चोळतोय ते बघत नाहीत.

आणि खोटं कशाला बोलू,
त्या जूनची आठवण येते.
पाण्यावर तेवढा उजेड
पुन्हा नाही दिसला.

थरथरत्या हातानं मीठ उलट छान पसरतं, म्हणते बोझेना.
थाप मारते.
तरी मी मूठ भरते.

दुकानदारानं बूट परत घेतले नाहीत.
अठ्ठावीस जोड अजून गोदामात आहेत.
कुणी नवी बाई कामाला लागली
की स्टेइनार नावाआधी
तिच्या पायाचं माप विचारतो.